युगांडातल्या धर्मांतराविषयी फिरणाऱ्या मेसेजबाबत खुलासा

‘इंग्रजांनी युगांडा जिंकला आणि मग बंदुकीच्या धाकाने तिथल्या लोकांना ख्रिस्ती केलं’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. यातला क्रमच उलटा आहे.

आजच्या युगांडातल्या बुगांडाच्या राज्यात प्रॉटेस्टंट मिशनरी 1877 मध्ये आले, कॅथलिक 1879 मध्ये. ब्रिटिशांचं संरक्षित राज्य जाहीर झालं 1894 मध्ये. मधली बरीच वर्षं मिशनरी तिथल्या राजाच्या, म्हणजे कबाकाच्या मर्जीवर राहत होते. दरबारातली तरुण पोरं त्यांच्याकडे आधी वाचायला शिकत: प्रॉटेस्टंट मिशनरी मॅके यांच्या छोट्या छापखान्यातले अक्षरांचे तक्ते, मग शुभवर्तमानातले उतारे. 1882 च्या अखेरीस कॅथलिक पाद्री देश सोडून गेले. 1885 मध्ये परतले, तर अनुयायी वाढलेले! स्थानिकांनीच स्थानिकांना शिकवलं होतं. धाकाने झालेलं असतं तर पाद्र्यांची पाठ वळताच विरलं असतं. उलट जुलूम झाला तो या नवख्रिस्तींवर. 3 जून 1886 रोजी कबाका म्वांगाच्या हुकमाने नामुगोंगोला अनेकांना जिवंत जाळलं.

बंदूक आली ती नंतर, आणि तेही लपवता कामा नये. 1892 मध्ये बुगांडाची राजधानी मेंगो इथल्या लढाईत ब्रिटिश कंपनीचे अधिकारी कॅप्टन लुगार्ड यांनी प्रॉटेस्टंटांची बाजू घेतली, कॅथलिक हरले. पुढे सरदारक्या पंथ पाहून वाटल्या गेल्या. मग पदासाठी बाप्तिस्मा घेणारेही निघाले.

हे बुगांडापुरतं आहे, सगळ्या आफ्रिकेला लावू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर 1877 आणि 1894 ही दोन सालं टाका.