एकास बहात्तर

"काका, हे खेळण्यातलं विमान नातवासाठी ना?" असे वायरमनने विचारले, तेव्हा माझे वय 47 आहे आणि माझा मुलगा अजून नववीत आहे, हे सांगण्याचे मी टाळले, कारण शिडी त्याच्याकडे होती आणि पंखा मला त्याच दिवशी हवा होता.

मागच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरी आणि बंद पडलेला मिक्सर यांच्यामधल्या चार फुटांत मी प्लॅस्टिकची विमाने जोडण्याचे टेबल मांडले आहे. थिनरचा वास वरणाला लागतो, अशी घरातून तक्रार आल्यामुळे ज्यात विमानांवर रंग फवारतो त्या खोक्याला हवा बाहेर फेकणारा सहा इंची पंखा बसवणे भाग होते. वरणाचा आरोप मला अजूनही मान्य नाही.

वायरमनने पंखा बाजूला ठेवला आणि टेबलावरचे मिग-21 उचलले, तेही नेमके नाकावरच्या सुईसारख्या नळीला धरून.

"उडतं?"

"नाही."

"चाकं फिरतात?"

"चिकटवली आहेत."

"मग हे करतं काय?"

वास्तविक येथे गप्प बसायला हवे होते. परंतु हे विमान 1963 पासून आपल्या हवाई दलात होते आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झाले, तसेच 1:72 या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो, कारण सहा फुटांत इंचही 72 च असतात, हे सारे मी त्याला ऐकवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे रिटायर झालंय," तो माझ्याकडे बघत म्हणाला. तेवढ्यात नळी मोडली. "बरं झालं, काका. टोचली असती कुणाला."

कोथरूडच्या लघुरेल्वे संग्रहालयात हीच माणसे तिकीट काढून जातात आणि 1:87 च्या गाड्यांपुढे तोंडाचा आ करून उभी राहतात. माझा शेजारी दर रविवारी दोन तास गाडी धुतो. त्याला कोणी नातवाचे विचारत नाही.

पंखा बसला. मी एअरब्रशमध्ये करडा रंग भरून चाप दाबला आणि तो सगळा रंग माझ्या चश्म्यावर व मिशीवर परत आला. पंखा उलटा बसवला होता.

"तुम्हीच म्हणालात ना, हवा पाहिजे!"

पंखा काढून पुन्हा सुलटा बसवण्याचे धरून 600 रुपये झाले. एवढ्याशा पंख्याला मोठ्या पंख्याचा दर कसा, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

"पंखा छोटा आहे, काका. मी तेवढाच आहे ना?"

या हिशेबाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. पितळी नळी परदेशातून मागवायची, तर टपालखर्चच नळीहून जड होतो. म्हणून इंजेक्शनची बारीक सुई कापून बसवावी, या विचाराने संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने सुई पुढे केली आणि आवाज हळू करून विचारले, "काका, शुगर कधीपासून आहे?"