पाय घसरून

सकाळी घरच्या ग्रुपवर एका काकांनी पेपरातलं कात्रण टाकलं. पाच ओळींची बातमी. शेततळ्यातून वाचवलेल्या विवाहितेने आठवड्याने जबाब दिला, नवऱ्याने ढकललं म्हणून. खाली काकांची टिप्पणी: 'तेव्हाच का नाही बोलली? आठवडाभर कोणी पढवली?' त्यावर तीन अंगठे. माझा चहा तसाच गार झाला.

2011 चा श्रावण. माझी आतेबहीण. (तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव सांगणार नाही.) ओढ्याच्या डोहातून तिला बाहेर काढलं आणि लगेच चार जणांनी पालथी घालून पोट दाबायला घेतलं, पाणी निघावं म्हणून. हे आपल्याकडे अजून करतात. अहो, त्याने उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा असतो. हिचा चालू होता, म्हणून वाचली.

दवाखान्यात केसपेपर काढायला कोण उभं? दीर. काय झालं? 'धुणं धुताना पाय घसरला.' लिहिलं! एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, नाही; पोलिसांना फोन नाही. ही बाकावर ओल्या साडीत कुडकुडतेय आणि तिला कोणी विचारतच नाही. दीड तासात घरी.

मान्य, डॉक्टर एकच होता. बाहेर साप चावलेला पोरगा, आत अडलेली बाळंतीण. पण 'तुम्ही जरा सगळे बाहेर थांबा' एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

रात्री तिला धाप लागली, तोंडाला फेस. पाण्यातून काढलेलं माणूस उठून बोलायला लागलं म्हणजे सुटलं असं नसतं. छातीत गेलेलं पाणी आतून काम बिघडवतं आणि त्रास काही तासांनी वर येतो. म्हणून चार ते आठ तास तरी ठेवून घ्यायचं, ऑक्सिमीटर लावून, छाती पुन्हा पुन्हा तपासून. मग धावपळ करत मोठ्या दवाखान्यात. तिथल्या कागदावर काय लिहिलं? पहिल्या कागदावरून उतरवलेलं तेच. पाय घसरून.

तिसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. केस वर घेतले तर मानेवर, केसांच्या खाली, नखांच्या चार चंद्रकोरी. दंडावर बोटांचे निळे ठसे, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. पहिल्या दिवशी ते दिसलेही नसतील, मुका मार वर यायला एक-दोन दिवस जातात. म्हणून तर पुन्हा तपासायचं, कागदावरच्या शरीराच्या आकृतीवर खुणा करायच्या, मोजपट्टी धरून फोटो काढायचे. मी सिस्टरना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, 'ओढून काढताना लागलं असेल.' असेलही, लागतं. पण मग तसं लिहा ना! दिसलं ते लिहा, कशाने झालं ते कोर्ट बघेल.

आणि साडी? दिराने पिशवीत भरून नेली, फाटका ब्लाउजही त्यातच. सावलीत वाळवून, कागदात बांधून, सील करून पोलिसांकडे द्यायची वस्तू ती. घरी गेली आणि धुतली गेली.

ती का गप्प होती? दिराने कानात सांगून ठेवलं होतं, 'ढकललं म्हणालीस तर आम्ही सांगू, उडी मारली. मग केस तुझ्यावरच.' तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं 309 कलम होतं ना. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार बोथट केली, जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत ते जुनं कलम राहिलंच नाही. धमकी मात्र अजून तीच चालते, लिहून ठेवा.

कायदे नाहीत असं नाही. आधी उपचार, मग पोलिसांचं बाकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची असते. आमच्यापैकी कोणाला माहीत होतं? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 सालापासून 'दिलासा' केंद्र आहे, तिथे बाईशी एकटीशी बोलतात. म्हणजे ठरवलं तर जमतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो डॉक्टर पंचविशीतला पोरगाच होता, दोन रात्री जागा असावा. त्याला हे कोणी शिकवलंच नसेल. त्याच्यावर आता राग नाही. फारसा.

पण काका, तुमच्यावर आहे. तुम्ही कात्रण टाकलंत ना, 'तेव्हाच का नाही बोलली'? तुमची सख्खी भाची बोलली होती. डिस्चार्जच्या दिवशी तिला सासरी सोडायला जीप तुमचीच होती. मी मागे तिच्याशेजारी बसले होते. ती म्हणाली, 'मामा, तिकडे नको. त्यांनी मान धरून पाण्यात दाबली.' तुम्ही आरशातून मागे बघितलंत आणि मला म्हणालात, 'हिचा ताप उतरलेला दिसत नाही.'