‘टायर मोठे टाका, रेशोला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

महिंद्रा थारवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं : थारला बेधडक 33 इंची टायर टाका, गिअर रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे लागतात ते प्रमाण) बदलायची काहीही गरज नाही. का, तर टायर मोठा झाला की इंजिनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, कमी होतात म्हणून मायलेज वाढतं. चढाला फोर-लो (चारही चाकांना संथ पण जास्त ओढ देणारी जोडणी) आहेच. ब्रेक तेच राहतात म्हणून ब्रेकिंगला फरक पडत नाही. स्पीडोमीटरमधला फरक किरकोळ असतो. ग्राउंड क्लिअरन्स अडीच इंच वाढतो. आणि अमेरिकेत सगळे असंच करतात, तिकडे रेशोचं नावही कुणी काढत नाही. शेवटी ‘स्वतः अनुभवलेलं, बिनधास्त फॉरवर्ड करा’.

हा मेसेज माझ्या भाच्याकडे पोचला. कऱ्हाडला असतो, डिझेल मॅन्युअल थार आहे. टायरवाल्याकडून भाव काढून झाला, आणि मग मला फोन : ‘मामा, एवढी माणसं टाकतात, ती काय वेडी आहेत का?’ त्याच गाडीत माझी बहीण मागच्या सीटवर बसून कुंभार्ली घाट उतरते, चिपळूणला माहेरी येते. त्यामुळे मला हा विषय हौशी पोरांचा म्हणून सोडून देता येत नाही. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी हिशेब, कारण मेसेजमध्ये तो कुठेच नाही. भाच्याच्या गाडीला कंपनीचे टायर आहेत 245/75 आर 16, म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि रिम 16 इंची. त्याचा व्यास येतो साधारण 774 मिलिमीटर. त्याला टाकायचे आहेत 285/75 आर 16, म्हणजे 834 मिलिमीटर. फरक 60 मिलिमीटर, टक्क्यांत पावणेआठ. पुढचं सगळं या पावणेआठ टक्क्यांतून निघतं.

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) जाते, तिथून क्राऊन-पिनियनमध्ये (एक्सलमधली गिअरची शेवटची जोडी) आणि मग चाकात. या रांगेतला शेवटचा भाग टायर आहे. तो मोठा केला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, आणि रस्त्यावर मिळणारी ओढ त्याच प्रमाणात घटते. म्हणजे क्राऊन-पिनियनला स्पॅनर न लावताही तुम्ही रेशो बदललेला असतो, तोही नको त्या दिशेला. कंपनीने वजन, इंजिन आणि टायर बघून जो मेळ घातलेला होता, त्यातली ओढ सरळ सात टक्क्यांनी गेली. ‘रेशोला हात लावला नाही’ असं म्हणायला इथे जागाच उरत नाही.

आता मायलेज. सपाट हायवे, एकसारखा वेग, टॉप गिअर, एवढ्यापुरतं आरपीएम कमी होतात हे खरं आहे. नाइलाजाने मान्य करतो. पण थारच्या डिझेल इंजिनचा पूर्ण 300 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो 1600 ते 2800 आरपीएमच्या दरम्यान. त्याखाली गेलात की टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) पुरेसा भरत नाही. मोठ्या टायरवर टॉप गिअरमध्ये गाडी त्या रेषेच्या खाली लवकर घसरते, जरा चढ लागला की मरगळते, आणि मग तुम्ही गिअर उतरवता. वाचलेले आरपीएम तिथेच परत गेले. शिवाय मड टायर (चिखलासाठीचा, खोल नक्षीचा) जड असतो, त्याचा बराचसा जडपणा परिघाकडे असतो, रुंदीमुळे हवा जास्त अडते आणि नक्षीच्या उंच रबरी ठोकळ्यांमुळे घर्षण वाढतं. गावात प्रत्येक सिग्नलला ते जड चाक शून्यापासून फिरवायचं असतं. डिझेल त्यातच जातं.

इथे आणखी एक अर्धसत्य आहे. टायर बदलल्यावर मायलेज पडलं की हे लोक म्हणतात, पडलं नाही, मीटर कमी दाखवतं. ते थोडं खरं आहे. गाडी 100 किलोमीटर चालली तर मीटरवर 93 च्या आत दिसतात, त्यामुळे भागाकार चुकतो. तो दुरुस्त करून घ्या, म्हणजे 12 चं 13 होईल. पण मायलेज वाढतं, हे त्यातून कसं सिद्ध होतं? फार तर पडझड दिसते तेवढी मोठी नाही, इतकंच.

फोर-लोचा मुद्दा वाचायला पटतो, म्हणून जास्त फसवतो. पहिली गोष्ट, फोर-लोचीही ओढ त्याच प्रमाणात घटते. चढाला गाडी ज्या संथपणे रांगायची तेवढी आता रांगत नाही, म्हणून हाफ क्लच धरावा लागतो, आणि दगडात हाफ क्लच धरून गाडी चढवली की क्लच प्लेटचा करपट वास केबिनमध्ये येतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. थारची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर, वळणावळणाच्या घाटात फोर-लो टाकून गाडी हाकायची नसते. वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, सगळी ड्राइव्हलाइन पिळवटते, आणि लिव्हर अडकून बसतो. म्हणजे घाटाच्या डांबरी रस्त्यावर, जिथे माणसं खरोखर रोज चालतात, तुम्ही टू-हायमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ओढीवरच असता. तिथे फोर-लो काय कामाची?

आता ब्रेक. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, ‘ब्रेक तेच आहेत म्हणून फरक पडत नाही’. ब्रेक तेच आहेत म्हणूनच फरक पडतो.

पुढे डिस्क, मागे ड्रम, त्यांचा आकार बदललेला नाही. पण रस्ता चाकाला जिथे पकडतो ती जागा मध्यापासून लांब गेली. दार एका बाजूने कडीपाशी धरून कुणी ढकलत असेल आणि तुम्ही ते बिजागरीपाशी हात लावून अडवत असाल, तर जोर कुणाला जास्त लावावा लागेल? ब्रेक बिजागरीपाशी आहे. टायर मोठा केला म्हणजे समोरच्याचा हात आणखी लांब नेला. पेडल तेवढंच दाबलं तर थांबवणारा जोर सात टक्क्यांनी कमी पडतो, आणि जड चाकाचं फिरणं थांबवायचं ते वेगळंच.

यात मीटरची भर घाला, ज्याला मेसेजमध्ये ‘किरकोळ’ म्हटलंय. काटा 60 वर आहे तेव्हा गाडी 64 च्या वर पळतेय. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे काटा तोच दाखवत असताना ब्रेकला जवळजवळ 16 टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत जिरवायची आहे. स्पीडोमीटरसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 39 सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये; जास्त दाखवला तर ठरावीक मर्यादेत चालेल. हा नियम एकतर्फी ठेवलाय तो याच कारणासाठी. कंपनीने ठेवलेली ती सुरक्षेची फट मोठा टायर खाऊन टाकतो.

आणि तिसरं, इंजिन ब्रेक. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ट्रक ड्रायव्हर पहिल्या दिवशी शिकवायचे. दुसऱ्या गिअरमध्ये ज्या आरपीएमला गाडी पूर्वी 30 ने उतरायची, त्याच आरपीएमला आता 32 च्या वर उतरते, आणि इंजिनचा रोखून धरणारा जोरही चाकाशी कमी पोचतो. जो भार इंजिन उचलायचं तो पायावर आला. कुंभार्लीत हेळवाक सोडून पोफळीकडे उतरताना वळणामागून वळण येतं, पावसाळ्यात धुकं असतं, मागे ऊस नाहीतर सिमेंट भरलेला ट्रक असतो. तिथे पाय सतत ब्रेकवर राहिला की ब्रेकचे लायनर तापतात, पेडल खोल जायला लागतं, आणि पुढच्या वळणाला गाडी पूर्वी जिथे थांबायची तिथे थांबत नाही. ब्रेकच्या जोराचा, वेगाचा आणि इंजिनच्या रोखाचा, तिन्ही तोटे एकाच जागी एकत्र येतात. मेसेज लिहिणाऱ्याने यातल्या एकाचाही विचार केलेला नाही, आणि वर ‘बिनधास्त’ हा शब्द लिहिलाय.

मग ‘अमेरिकेत कुणी रेशो बदलत नाही’. हे वाचून मात्र माझा संयम सुटला, कारण तपासायला पाच मिनिटं लागतात. अमेरिकेत 2018 च्या पिढीपासून विकली जाणारी जीप रँग्लर घ्या. साध्या स्पोर्ट मॉडेलला टायर 245/75 आर 17, आणि एक्सलचा, म्हणजे क्राऊन-पिनियनचा, रेशो 3.45; हा आकडा मोठा तेवढी ओढ जास्त. खडतर वाटांसाठीच्या रुबिकॉन मॉडेलला टायर 285/70 आर 17, आणि रेशो 4.10. टायरचा व्यास वाढला जेमतेम चार टक्के, आणि कंपनीने रेशो वाढवला 19 टक्के. एवढ्यावर थांबले नाहीत. स्पोर्टच्या ट्रान्सफर केसचा लो रेशो 2.72, रुबिकॉनचा 4. म्हणजे ‘लो आहेच की’ या युक्तिवादालाही कंपनीनेच उत्तर देऊन ठेवलंय. पुढे 2021 मध्ये रुबिकॉनसाठी एक्स्ट्रीम रिकॉन नावाचं पॅकेज आलं. त्यात 35 इंची टायर, 315/70 आर 17. रेशो? 4.56. सोबत जड स्टेपनी पेलावी म्हणून मागच्या दाराच्या बिजागऱ्याही मजबूत केल्या.

हे सगळं त्या गाडीला, जिच्यात 3.6 लिटरचं 285 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन येतं. थारच्या डिझेलला 130. दुपटीपेक्षा जास्त ताकद हाताशी असताना ज्यांनी गाडी बनवली त्यांना रेशो बदलावासा वाटला, आणि आपल्याकडे फॉरवर्ड करणाऱ्याला तो फालतू खर्च वाटतो. आपल्याकडे क्राऊन-पिनियनचे वेगळे सेट दुकानात सहज मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण वस्तू मिळत नाही म्हणून तिची गरजच नाही, असं कसं ठरवता?

ग्राउंड क्लिअरन्स अडीच इंच वाढत नाही. व्यास 60 मिलिमीटरने वाढला तर एक्सल त्याच्या निम्म्याने, 30 मिलिमीटरने वर जातो. सव्वा इंचही नाही. मात्र एक कबूल करायला हवं : मागच्या डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधोमध असतो तो) गोळा जमिनीपासून वर उचलायला मोठा टायर हाच उपाय आहे. लिफ्ट किटने (गाडी उंच करणाऱ्या संचाने) बॉडी आणि चासी वर जाते, मागचा एक्सल जिथल्या तिथे राहतो. दगडांच्या खाचेत तो सव्वा इंच कामाला येतो, मऊ चिखलातही मोठा टायर बरा चालतो. वर्षातून काही वेळा सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर मिळणारा हा फायदा मी नाकारत नाही. पण बाकीचे दिवस गाडी डांबरावर असते.

स्टेपनीबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. बहुतेक लोक चार टायर घेतात आणि पाचवा जुनाच ठेवतात. मग मागचं एक चाक पंक्चर झालं की एका बाजूला 834 आणि दुसऱ्या बाजूला 774. मागच्या डिफरन्शियलच्या आतले गिअर, जे फक्त वळणावर फिरायचे, ते सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, आणि अशात फोर बाय फोर टाकली तर नुकसान ठरलेलं. एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चारही चाकांचा वेग ताडून बघतं, त्यालाही चुकीची माहिती जाते. पाचवा मोठा घ्यावा तर त्याचं वजन मागच्या दारावर. जीपने बिजागऱ्या का बदलल्या ते वर आलंच आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टायरवरचं माप वाचतो, हेही लक्षात ठेवा.

भाच्याला मी सांगितलं, त्याच मापाचे चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर घे. कच्च्या वाटेला लागलास की हवा 18-20 पीएसआयवर आण. टायर पसरतो, पकड वाढते, आणि चिखलात-वाळूत लोक मोठ्या टायरकडून जे मागतात त्यातलं बरंचसं तिथेच मिळतं. डांबराला लागायच्या आधी पुन्हा भर, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेव. फारच हौस असेल तर 265/75 आर 16, फरक चार टक्क्यांच्या आत राहतो. पण तेही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून, आणि पाचही टायर एका मापाचे.

आणि ज्यांनी 33 इंची आधीच चढवलेत त्यांनी निदान एवढं करा. मोबाइलच्या जीपीएसवर खरा वेग तपासा आणि काटा 60 व 80 वर असताना किती येतो ते डॅशबोर्डवर लिहून चिकटवा. घाट उतरताना पूर्वीपेक्षा एक गिअर खाली ठेवा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. ब्रेकचा वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर वळण सोडून मोकळ्या जागी थांबा, चाकामागे दगड लावा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका.