'तारखा जोडून टाका' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

'नोकऱ्या सारख्या बदलल्यात? इंटरव्ह्यूत हे पाच नियम पाळा' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मी सोडून दिला असता, पण भाच्याने तो मनावर घेतला आणि मला 'नीट केलेला' सीव्ही पाठवला. त्यात आठ महिन्यांची एक नोकरी गायब, आणि तिच्या आधीची नोकरी बरोब्बर तेवढीच लांबलेली!

मेसेजचं म्हणणं असं: छोट्या नोकऱ्या उडवा आणि तारखा जोडून घ्या, नोकरी का सोडली विचारलं तर घरचं आजारपण सांगा, दोन वर्षांच्या आत सोडणाऱ्याला कोणी घेत नाही, प्रश्न आला की हसून विषय बदला, आणि जुन्या बॉसबद्दल वाईट बोलू नका.

तारखांचा सल्ला ज्याने दिला त्याने जॉइनिंगचा फॉर्म कधी भरलाय का? त्यात प्रत्येक नोकरीची कधीपासून-कधीपर्यंत तारीख, रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव, सोडण्याचं कारण असे रकाने असतात आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही घेतात. मग ती माहिती बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांकडे जाते, ते जुन्या कंपनीच्या एचआरला विचारतात, आणि नोकरी सोडताना कंपनी देते त्या रिलीव्हिंग लेटरवर तारीख छापलेलीच असते, ती काय तुमच्या सीव्हीकडे बघून बदलणार आहे? शिवाय ही तपासणी बऱ्याचदा ऑफर मिळाल्यावर होते, म्हणजे तोवर तुम्ही हातातल्या नोकरीचा राजीनामा देऊन बसलेले. नवी ऑफर रद्द, जुनी नोकरी गेली. आठ महिन्यांच्या नोकरीने एवढं नुकसान कधीच झालं नसतं.

हां, यात अर्धं खरं एवढंच की सीव्हीत प्रत्येक नोकरी घातलीच पाहिजे असं नाही. दोन महिन्यांचं काम, ज्याचा या पदाशी संबंध नाही, ते गाळलंत तर चालतं. पण गाळणं वेगळं आणि शेजारच्या नोकरीची तारीख ओढून भोक बुजवणं वेगळं, आणि फॉर्ममध्ये सगळं विचारलं असेल तर सगळंच लिहायचं.

आजारपणाचं तर काय बोलावं. चार नोकऱ्या आणि चार आजारी आजोबा? समोरचा पुढचा प्रश्न विचारणारच, 'आता घरी सगळं ठीक आहे ना?' ठीक आहे म्हणालात तर पुढची गोष्ट रचा, नाही म्हणालात तर हा पुन्हा जाणार असं तो धरून चालतो. ज्यांच्या घरी खरंच आजारपण होतं त्यांनी एका वाक्यात सांगावं, बाकीच्यांनी कृपया नाही.

दोन वर्षांच्या नियमाला एकच उत्तर पुरे. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने, म्हणजे रोजगाराचे आकडे ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, १९५७ ते १९६४ मध्ये जन्मलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तर १८ ते ५६ या वयात त्यांनी सरासरी १२.७ नोकऱ्या केलेल्या निघाल्या. हीच ती 'एका जागी टिकणारी' पिढी! आता त्यातल्या जवळपास निम्म्या पंचविशीच्या आतल्या आहेत, आकडे एकाच देशाचे आहेत, आणि ओळीने तीन नोकऱ्या वर्षाच्या आत सोडल्या असतील तर प्रश्न येणारच, हे मान्य. पण प्रश्न येणं म्हणजे नकार नव्हे.

आणि तो आला की हसून विषय काय बदलताय? समोरच्याला एवढंच हवं असतं की हा सहा महिन्यांत पुन्हा जाईल का. मग सरळ सांगा, 'पहिली नोकरी कॉन्ट्रॅक्टवर होती, मुदत संपली. दुसरीकडे आमची टीमच बंद केली. तिसरी मी सोडली, कारण काम डेव्हलपमेंटचं सांगितलं होतं आणि दिला सपोर्ट, म्हणून आता जॉइन व्हायच्या आधीच विचारतोय, पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय काम असेल?' एका मिनिटात झालं. यात स्वतः सोडलेली नोकरी 'स्वतः सोडली' म्हणूनच सांगायची, सगळीकडे कंपनीचाच दोष असेल तर ऐकणारा काय समजायचं ते समजतो.

राहिला बॉसचा मुद्दा, तो बरोबर आहे, नाइलाजाने म्हणते. फक्त तीन महिने पगार थकला म्हणून सोडली असेल तर 'तीन महिने पगार थकला होता' एवढं सांगायला काहीच हरकत नाही, त्यात बॉसची निंदा नाही, त्याचं नावही घ्यावं लागत नाही.