स्पंज कार्बन कायमचा साठवतात? कुठे, ते तरी सांगा

"स्पंज म्हणजे समुद्राचा वॉटर प्युरिफायर. पाण्यातली घाण गाळतो, कार्बन कायमचा अंगात साठवतो, नायट्रोजन-फॉस्फरस काढून घेतो. जिथे स्पंज जास्त, तिथे प्रवाळभित्ती ठणठणीत." या आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. स्पंज म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणारे साधे प्राणी. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, पण ते जे करतात त्याचं व्हावं.

आधी गाळणं. स्पंज पाणी ओढून त्यातले जिवाणू टिपतात, हे खरं. पण भित्तीवरच्या अनेक स्पंजांचं मुख्य अन्न गाळून हाती लागणारं नसतंच. प्रवाळ आणि शैवाल आपण बनवलेल्या सेंद्रिय पदार्थांतला बराच भाग पाण्यात सोडून देतात. प्रवाळाच्या चिकट स्रावातला तर निम्म्याहून जास्त भाग विरघळून जातो. हे विरघळलेलं अन्न मासे-खेकड्यांच्या काही कामाचं नाही. स्पंज आणि त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव मात्र ते खातात. आणि ही घाण नव्हे, भित्तीचीच कमाई आहे.

आता 'कायमचा साठवतो'. सगळ्यात मोठी थाप हीच. कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाजवळ, भित्तीच्या अंधाऱ्या कपारींत हॅलिसार्का सेरुलिया नावाचा स्पंज पातळ थरासारखा पसरलेला असतो. तो दिवसाला स्वतःच्या शरीरात असलेल्या कार्बनच्या दोन-तृतीयांश इतका कार्बन आत घेतो आणि तरीही जवळपास वाढत नाही. मग जातो कुठे? सुमारे ४० टक्के श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. उरलेल्यातून नव्या पेशी बनतात. पाणी ओढणाऱ्या त्याच्या पेशी पाच-सहा तासांत विभागतात आणि जुन्या भराभर गळून पडतात. बारीक कणांचा हा गाळ गोगलगायी, कृमी, खेकडे खातात. कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचा (वजनाने वेगळ्या, म्हणून ओळखता येणाऱ्या अणूंचा) खुणेसारखा वापर करून, त्यांचा माग काढून संशोधकांनी २०१३ साली 'सायन्स'मध्ये हा प्रवास दाखवला: विरघळलेलं अन्न, स्पंज, गाळ, मग गाळ खाणारे प्राणी. म्हणजे स्पंज ही तिजोरी नाही, उलाढाल करणारी पेढी आहे. पोषण कमी असलेल्या पाण्यात भित्ती गजबजलेली कशी राहते, याच्या उत्तराचा मोठा भाग याच उलाढालीत आहे.

पण हे चक्रही सरसकट सगळ्या स्पंजांना लावू नये. पिंपाएवढा वाढणारा झेस्टोस्पाँजिया म्यूटा विरघळलेला कार्बन भरपूर खातो, पण तपासणीत त्याच्याकडून असा गाळ पडताना आढळला नाही.

नायट्रोजनचं तर बरेचदा उलटंच असतं. अनेक स्पंजांच्या अंगातले जिवाणू अमोनियापासून नायट्रेट बनवतात आणि ते पाण्यात परत येतं. काहींच्या शरीरात ऑक्सिजन नसलेल्या भागांत थोडा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, तेवढंच. फॉस्फरसबाबत मात्र पोस्टमध्ये तथ्य आहे: अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांजवळच्या तीन जातींच्या स्पंजांतले जिवाणू पॉलिफॉस्फेटचे, म्हणजे फॉस्फरसच्या साठ्याचे, कण साठवतात, असं २०१५ मध्ये दिसलं.

राहिलं 'जास्त स्पंज म्हणजे ठणठणीत'. सागरी जीवशास्त्रज्ञ जोसेफ पावलिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कॅरिबियनबद्दल नेमकी उलटी शक्यता मांडली. शैवालाने सोडलेला कार्बन स्पंज खातात, स्पंजांनी सोडलेल्या पोषकांवर शैवाल फोफावतं आणि प्रवाळाला जागा उरत नाही. ही अजून परिकल्पनाच आहे. क्लायोना गटातल्या स्पंजांमुळे होणारं नुकसान मात्र नुसती परिकल्पना नाही. ते प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा आम्लाने विरघळवत, कपचे काढत आतून पोखरतात.