लॉन जळाल्याच्या तक्रारीला नर्सरीमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडून लावून घेतलेलं मेक्सिकन लॉन वर्षाच्या आत जळालं, माती निकृष्ट होती आणि तक्रार केल्यावर आमच्या माणसाने वर आणखी एक पुडी गळ्यात मारायचा प्रयत्न केला, असं आपण लिहिलंय. लॉन पुन्हा फुकट लावून मागितलंय. हे वाचणाऱ्या बाकीच्यांच्या दारातही लॉन असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या माळ्यांनी काढलेले फोटो मी नीट पाहिले. जळालेला भाग सलग नाही. चालता चालता मुठीने काही फेकत गेलं की जसं पडतं, तसे पावला-पावलावर पट्टे आहेत. पात्यांच्या बुडाशी दाणे अजून दिसतात. आणि नळाची तोटी गळते तिथे मात्र हातभर गवत गर्द हिरवं, बाकीच्यापेक्षा उंच. माती तीच, गवत तेच, पडलेले दाणेही तेच. तिथे पाणी होतं, एवढाच फरक. माती निकृष्ट असती तर नळाखालीही निकृष्टच असती ना?

दाणे युरियाचे. गावाकडच्या पोत्यातला दोन किलो आणून टाकला, असं आपणच माळ्यांना सांगितलंत. युरिया वाईट नाही, पण त्यात ४६ टक्के नत्र असतं. आपल्या ४०० चौरस फुटांना एका वेळी ३५०-४०० ग्रॅम म्हणजे अगदी जास्तीत जास्त. मेक्सिकन मुळात सावकाश वाढतं, त्याला मी त्याच्याही निम्माच देतो. शेतात युरिया मातीत जातो आणि मागोमाग पाटाचं पाणी येतं. इथे तो पुण्याच्या मे महिन्यात भर दुपारी पात्यांवर पडला आणि पाणी मिळालं दुसऱ्या दिवशी, तेही झारीने. एवढा क्षार मुळाशी बसला की तो मुळातलंच पाणी ओढून घेतो.

‘नीमकोटेड (कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला) होता, जळायला नको होतं’ असंही आपण म्हणता. २०१५पासून देशात तयार होणारा जवळपास सगळा युरिया नीमकोटेडच असतो. त्या लेपामुळे नत्राचं नायट्रेट व्हायला वेळ लागतो. पाचपट मात्रा त्याने पचत नाही.

आता ती पुडी. ती फेरस सल्फेटची, म्हणजे लोह देणाऱ्या खताची होती आणि जळालेल्या पट्ट्यांसाठी नव्हतीच. गेटजवळच्या पात्यांवर उभ्या पिवळ्या रेघा आहेत, शिरा हिरव्या. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत, त्यात बोअरचं जड पाणी, गवताला लोह मिळत नाही. बहुधा तो पिवळेपणा बघूनच आपण युरिया आणलात, पण त्याने तो गेला नसता. लिटरला पाच ग्रॅम घालून संध्याकाळी फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, तांबूस डाग निघत नाहीत. पुडी कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते, आमच्याकडूनच घ्या असं नाही. तिच्या नफ्यात माझा एक चहा निघतो.

सध्या कुठलंही खत नको, शेणखतसुद्धा नको. चार दिवस सकाळी पाइप लावून पाणी वीतभर खाली मुरेल असं द्या. गवत कापायचं मशीन फिरवू नका. मग जळालेल्या जागी एक झुबका उपटून बघा. मातीतल्या काड्या पांढऱ्या, टणक असतील तर तिथलं गवत परत येईल. तपकिरी होऊन मोडत असतील तर तेवढा तुकडा बदलावा लागेल, आणि तो मृग लागल्यावरच. आत्ता लावला तर उन्हात पुन्हा जाईल.

सगळं लॉन फुकट बदलून देणं मला मान्य नाही. जे तुकडे बदलावे लागतील त्यांची मजुरी घेणार नाही, गवताचे पैसे मात्र पडतील. माळी शनिवारी आपल्याच बाजूला असतात. आदल्या दिवशी फोन करा, आणि उरलेला युरिया त्यांच्यासमोर काढून ठेवा, किती आहे ते बघून कधी, किती टाकायचा ते तेच सांगतील.