जहाजाला ‘अटक’ म्हणजे खलाशांना अटक नव्हे

‘कोर्टाने जहाज अटक केलं, म्हणजे कॅप्टनसह सगळे खलाशी गजाआड’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि ज्यांच्या घरचं माणूस बोटीवर आहे त्यांचा जीव त्यामुळे टांगणीला लागतो.

अशी अटक ही दिवाणी कारवाई आहे. १९५२ आणि १९९९ च्या आंतरराष्ट्रीय करारांनुसार तिचा अर्थ एवढाच, की सागरी दाव्याची रक्कम बुडू नये म्हणून न्यायालय जहाजाला बंदर सोडायला मनाई करतं. दावा इंधनाच्या थकलेल्या बिलाचा असेल, टक्करीतल्या नुकसानीचा असेल, मालाच्या नासाडीचा असेल. यात गुन्हेगार कोणी ठरत नाही. मालकाने बँक हमी किंवा विमा क्लबचं (जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमा संघटनेचं) हमीपत्र दिलं की जहाज सुटतं, खटला पुढे चालत राहतो. १९९९ च्या करारानुसार ही हमी अटक झालेल्या जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त मागता येत नाही.

मेसेजमध्ये नेमकी उलटी झालेली गोष्ट वेगळीच आहे. खलाशांचा थकलेला पगार हासुद्धा सागरी दावा आहे. म्हणजे पगार बुडवणाऱ्या मालकाचं जहाज खलाशी स्वतः अडवून धरू शकतात! किनाऱ्यापासून दूर, महिनोन्महिने पगाराविना राहिलेल्या माणसाच्या हातातलं हे फार मोठं हत्यार आहे.

मालक तोच असेल तर त्याचं दुसरं जहाजही बहुतेक दाव्यांसाठी अडवता येतं. सुरक्षेतल्या त्रुटींमुळे बंदर अधिकारी जहाज रोखून ठेवतात, ती कारवाई निराळी.